आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाची शेपटी दरवेळी वाकडीच का बसते, आणि ती सरळ कशी करायची

गुण्या लावला, टाचण्या टोचल्या, दोन्ही बाजू मोजल्या. तरी गोंद सुकल्यावर मागून बघावं तर आडवी शेपटी एका अंगाला झुकलेली. पुढच्या मॉडेलला दुप्पट काळजी घेतली, तरी तेच. असं दोन-तीनदा झालं की माणूस हाताला नाहीतर किटला दोष देऊ लागतो. खरा दोष बहुतेक वेळा मोजण्याच्या सुरुवातीत असतो. शेपटी बॉडीला धरून मोजली जाते, आणि हाताने जोडलेली बाल्साच्या हलक्या लाकडाची बॉडी स्वतः सरळ असेलच असं नाही.

पुढचे आकडे साधारण १५०० मिलिमीटर पंखाच्या, वर पंख असलेल्या ट्रेनरचे (शिकाऊ विमानाचे) आहेत: पंखाची रुंदी २५०, आडवी शेपटी म्हणजे स्टॅब टोकापासून टोकापर्यंत ५००, स्टॅबची रुंदी १५०, उभी शेपटी म्हणजे फिन १८० उंच. तुमचं मॉडेल लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

आधी लक्षण नीट ओळखा

विमान एका बाजूला ओढतंय, एवढ्यावरून काहीच कळत नाही. प्रश्न एकच विचारायचा: ते सतत ओढतं, की फक्त एलेव्हेटर (स्टॅबमागची वर-खाली हलणारी पट्टी) दिल्यावर ओढतं?

सतत ओढत असेल तर फिन तिरकी, पंखाला पीळ, नाहीतर मोटरचा कोन. यातली मोटर लगेच वेगळी काढता येते. सरळ उड्डाणात ट्रिम (काठी न धरता विमान सरळ जावं म्हणून ट्रान्समीटरवरची बारीक दुरुस्ती) लावा आणि थ्रॉटल पूर्ण बंद करा. इंजिन बंद होताच ओढ गेली किंवा उलटली तर शेपटीला हात लावू नका, मोटरचा साइड थ्रस्ट, म्हणजे तिचा बाजूचा कोन बघा. ट्रेनरला १ ते ३ अंश उजवा थ्रस्ट मुद्दाम दिलेला असतो. कुणीतरी ‘मोटर वाकडी बसली’ म्हणून वॉशर काढून ती सरळ केलेली असते, आणि मग दोष फिनवर येतो. घसरत उतरतानाही ओढ तशीच राहिली तर फिन आणि पंख तपासायचे.

फक्त एलेव्हेटर दिल्यावर विमान कलत असेल, लूप (हवेतली उभी कोलांटी) सरळ न जाता बाटलीच्या स्क्रूसारखी फिरत असेल, तर कारणं तीन, आणि तिन्ही हवेत अगदी एकसारखी दिसतात: स्टॅब पंखाशी समांतर नाही, एलेव्हेटरचे दोन भाग सारखे हलत नाहीत, किंवा एक पंख जड आहे. वर ओढलं की डावीकडे आणि खाली ढकललं की उजवीकडे, अशी दिशा उलटणंसुद्धा तिन्हींत होतं. त्यामुळे तेवढ्यावर ‘स्टॅब तिरका’ असा निकाल देऊन करवत हातात घेऊ नये. उरलेली दोन कारणं जमिनीवर पाच मिनिटांत तपासून होतात.

जड पंख शोधायला एकाने प्रोपेलरच्या शाफ्टला आणि दुसऱ्याने रडरच्या (फिनमागच्या हलत्या पट्टीच्या) खालच्या टोकाला बोटाच्या टोकावर विमान धरायचं. एकच पंख वारंवार खाली जात असेल तर दुसऱ्या टोकाला वजन लावा. एलेव्हेटरसाठी ट्रान्समीटरवर पूर्ण वर द्या आणि दोन्ही भागांच्या मागच्या कडेची उंची स्टीलच्या पट्टीने मोजा. १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जोडणारी तार वाकलेली आहे किंवा बाल्सात सैल झाली आहे. एका भागाला बोटाने हलकं दाबून बघा. दुसरा भाग न हलता तो एकटाच लवत असेल तर वेगात तो आणखी लवणार.

दोन्ही ठीक निघाले तर स्टॅब तिरका. कुठल्या बाजूला तेही कळतं. एलेव्हेटर वर दिल्यावर शेपटी खाली ढकलली जाते. स्टॅबचं डावं टोक खाली असेल तर तो जोर थोडा उजवीकडेही जातो, शेपटी उजवीकडे सरकते आणि नाक डावीकडे वळतं. म्हणजे लूपमध्ये नाक ज्या बाजूला जातं, स्टॅबचं त्या बाजूचं टोक खाली आहे.

गुण्या कुठे फसवतो

बॉडी मागे निमुळती होत जाते. तिच्या बाजूला गुण्या टेकवून स्टॅब ९० अंशांत धरला, तर तो त्या तिरक्या बाजूशी काटकोनात येतो, विमानाच्या मधल्या रेषेशी नाही. दोन्ही बाजू सारख्या निमुळत्या असत्या तर दोन्हीकडून मोजून सरासरी काढता आली असती. पण त्या सारख्या नसतात. बाल्साच्या दोन फळ्यांत एक कठीण आणि एक मऊ निघणं नेहमीचं. मागे शेवटच्या पट्टीला दोन्ही ओढून चिकटवल्या की मऊ फळी जास्त वाकते, कठीण कमी वाकते, आणि बॉडी केळासारखी एका बाजूला जाते. किटमधल्या फळ्या जोडण्याआधी हातात धरून वाकवून बघा. फरक जाणवला तर कठीण फळीला मागच्या तिसऱ्या भागात बाहेरून पाणी लावून थोडी सैल करा, किंवा दुकानातच जुळणाऱ्या फळ्या निवडा.

टेबलावरून उंची मोजणारेही असेच फसतात. बॉडीचा तळ सरळ रेषेत असतोच असं नाही, आणि लँडिंग गिअर लावल्यावर तर टेबलाशी समांतर काहीच उरत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: पंख हा पाया. स्टॅब पंखाला धरून, फिन स्टॅबला धरून. बॉडी फक्त यांना जोडणारा दांडा. मागचं टोक ३-४ मिलिमीटर बाजूला गेलं असेल तर बॉडी सरळ करण्याच्या मागे लागू नका. ती सरळ होत नाही, तडकते मात्र. स्टॅबचा मध्य तेवढा सरकल्याने उड्डाणात काही बिघडत नाही. स्टॅब आणि फिन पंखाशी जुळले की काम झालं.

मोजायची पद्धत

टेबल सपाट हवं. लाकडी टेबलापेक्षा स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइटचा तुकडा किंवा जाड काच बरी. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ओळखीचा फिटर असेल तर त्याची सरफेस प्लेट उत्तम, आणि त्याच्याकडून फीलर गेज आणि व्हर्नियरही मागून आणा, दोन्हींचं काम पुढे आहे. टेप मात्र नको. टेपच्या टोकाच्या हुकाला खेळ असतो, आणि इथे आपण १ मिलिमीटरसाठी भांडतोय. १ मीटरची स्टीलची पट्टी, किंवा न ताणणारा पॉलिएस्टरचा शिवणदोरा घ्या. नायलॉनचा मासेमारीचा दोर ताणला जातो, तो वापरू नका.

पहिलं काम पंख. तो बोल्टने घट्ट बसवा. बॉडीच्या मागच्या टोकाच्या मध्यावर टाचणी टोचून तिथून पंखाच्या दोन्ही टोकांच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत दोरा न्या. फरक २ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. जास्त असेल तर शोधायचं की पंख फिरलाय की बॉडी वाकली आहे. फायरवॉलच्या (मोटर बसते त्या पुढच्या फळीच्या) मध्यावरून मागच्या टाचणीपर्यंत दोरा ताणा आणि पंखाच्या बैठकीचा मध्य त्याखाली येतो का बघा. येत असेल तर बॉडी सरळ आहे, पंख फिरलाय. बोल्टचं भोक कानशीने लांबट करून तो फिरवा आणि नंतर भोक भरून घ्या. रबर बँडने बांधायच्या पंखाला मधली रेषा पेनाने पंखावर आणि बॉडीवर काढून ठेवा, कारण तो प्रत्येक लँडिंगला सरकतो. निम्म्या ‘शेपटीच्या’ तक्रारी इथेच मिटतात.

आता स्टॅबचा मध्य. प्लॅनवरचा मध्य ग्राह्य धरू नका. दोन्ही टोकं पॉलिशपेपरने गोल करताना एक बाजू २ मिलिमीटर जास्त घासली जाते आणि लक्षातही येत नाही. स्टॅब कागदावर ठेवून पेन्सिलने कड काढा, मग उलटा करून त्याच रेषांवर ठेवा. बसला तर सारखा आहे. बसला नाही तर आधी टोकं सारखी करा, मग मध्य काढा. टोकाच्या गोलाईवरून मोजू नका. दोन्ही टोकांना मागच्या हिंजच्या (बिजागरीच्या) रेषेवर एकेक टाचणी टोचा आणि सगळी मापं त्या टाचण्यांपासून घ्या.

स्टॅब नुसता बैठकीवर ठेवून, वरून वाळूची पिशवी ठेवून मोजा. बॉडीच्या पुढच्या भागात मध्यावर, स्टॅबपासून ७०० मिलिमीटरवर टाचणी टोचली असेल तर तिथून दोन्ही टोकांचं अंतर सारखं हवं. स्टॅब १ अंश फिरला तर या दोन अंतरांत सुमारे ८ मिलिमीटर फरक पडतो. १ मिलिमीटर फरक म्हणजे अंशाचा आठवा भाग. तिथे थांबा, त्याच्या पुढे हौस आहे. मग पंखाच्या टोकापासून स्टॅबच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. पुढच्या टाचणीवरून सारखं आणि पंखावरून वेगळं आलं, तर बॉडी वाकडी आहे. अशा वेळी पंखाची मधली रेषा दोऱ्याने मागे वाढवा आणि स्टॅब तिच्याशी काटकोनात घ्या.

खरं सांगायचं तर वरून बघताना स्टॅब अर्धा-एक अंश फिरलेला असला तर विमानाला फारसा फरक पडत नाही. लोक सर्वात जास्त वेळ इथेच घालवतात, कारण हाच वाकडेपणा डोळ्याला पहिला दिसतो. त्याचा खरा तोटा दुसरा: फिन या स्टॅबच्या मधल्या रेषेवरून लावली जाते, आणि स्टॅबची चूक फिनमध्ये उतरते. फिनचा मात्र अर्धा अंशही उड्डाणात जाणवतो.

मागून बघितल्यावरचा तिरकेपणा खरा त्रास देतो. विमानाच्या मागे ३ मीटर जाऊन एक डोळा बंद करून स्टॅबची मागची कड पंखाच्या मागच्या कडेशी जुळवा. पंखाला डायहेड्रल असेल, म्हणजे टोकं वर उचललेली असतील, तर दोन्ही टोकं पंखाला सारख्याच उंचीवर कापतात का हे बघायचं. डोळ्यावर भरवसा नसेल तर पंखाच्या दोन्ही टोकांखाली सारखे ठोकळे ठेवून विमान प्लेटवर स्थिर करा आणि स्टॅबच्या टोकांची उंची मोजा. १ अंश झुकाव म्हणजे दोन टोकांत जवळपास ९ मिलिमीटर. २ मिलिमीटरच्या आत आणा.

फिन शेवटी. तिचा उभेपणा टेबलावरून, ओळंब्याने किंवा लेव्हलने बघू नका. वरच्या टोकापासून स्टॅबच्या दोन्ही टाचण्यांपर्यंत मोजा. फिन १ अंश कलली तर या मापांत ५ मिलिमीटर फरक येतो, सहज सापडतो. पुढे-मागे सरळ आहे का ते पंखाच्या मधल्या रेषेवरून मागे ताणलेल्या दोऱ्याने बघा. फिनच्या पुढच्या आणि मागच्या कडेचा मध्य, दोन्ही दोऱ्याखाली यायला हवेत. त्याआधी प्लॅन एकदा वाचा, काही आराखड्यांत फिनला मुद्दाम कोन दिलेला असतो.

बैठक: अर्धा मिलिमीटर कुठून येतो

स्टॅब ५०० मिलिमीटर, पण तो बसतो ४० मिलिमीटर रुंदीच्या बैठकीवर. त्यामुळे बैठकीतली चूक टोकाला साडेबारा पट होते. टोकांच्या उंचीत ६ मिलिमीटर फरक असेल तर बैठकीची दुरुस्ती फक्त ६ × ४० ÷ ५००, म्हणजे ०.४८ मिलिमीटर. लोक इथे पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून घासतात, बैठक मध्ये फुगीर होते आणि स्टॅब तिच्यावर झोक्यासारखा डुलतो. मग गोंद जिकडे ओढेल तिकडे तो जातो. सपाट काठीला पॉलिशपेपर चिकटवून, काठी दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर एकदम टेकवूनच घासायचं.

घासण्यापेक्षा पॅकिंग सोपं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापून व्हर्नियरने जाडी मोजा, खालच्या बाजूच्या बैठकीवर ठेवून टोकं जुळेपर्यंत बघा. जुळली की फीलर गेजने फट मोजून त्या जाडीचं प्लाय किंवा घासून पातळ केलेला बाल्सा लावा. कागद चाचणीपुरताच. पावसाळ्यात तो फुगतो.

चिकटवणं

पातळ फेविक्विक इथे नको. ते सांध्यात शिरतं आणि काही सेकंदांत धरतं, तपासायला वेळच देत नाही. पाच मिनिटांचं इपॉक्सी एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं, दोन ट्यूबचं, रात्रभर सुकणारं ॲरल्डाइट सर्वात बरं. ते लावल्यावर स्टॅब बराच वेळ हलवता येतो. लावल्यावर एकदा, पंधरा मिनिटांनी एकदा आणि पाऊण तासाने एकदा तीच मापं पुन्हा घ्या. वजनाखाली ओलं इपॉक्सी हळूहळू सरकतं, आणि रात्री सरळ ठेवलेला स्टॅब सकाळी वाकडा सापडतो तो याच कारणाने. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात लावू नका.

स्टॅबवर फिल्म (इस्त्रीने चिकटणारं प्लॅस्टिकचं आवरण) आधीच लावलेली असेल तर सांध्याच्या जागेची काढावी लागते, कारण गोंद फिल्मला धरला तर फिल्मसकट सुटतो. पण ब्लेड दाबून फिरवलं की खालच्या बाल्सावर चर पडतो, आणि स्टॅब पुढे बरोबर त्या रेषेत हवेत मोडतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक हलकं फिरवून फिल्म वितळवा, आणि रेषा बॉडीच्या कडेपासून २ मिलिमीटर आत घ्या.

आधीच वाकडी चिकटली असेल तर

पहिलं, चूक मोजा आणि ती काढण्यासारखी आहे का ठरवा. फिन अर्धा अंश तिरकी आणि विमान रडर ट्रिमवर सरळ जातंय, तर उडवा. स्टॅब ४-५ मिलिमीटरपेक्षा जास्त झुकलाय तर कापा.

हॅक्सॉच्या ब्लेडचे दात दोन्ही बाजूंनी दगडावर घासून पातळ करा, टोकाला चिकटपट्टी गुंडाळा आणि सांध्याच्या रेषेतून सावकाश ओढा. फिन स्टॅबमधून खाली गेली असेल तर आधी फिन. फेविक्विकचा सांधा ॲसिटोनने मऊ होतो, पण थर्माकोलच्या किंवा फोमच्या विमानाजवळ ती बाटली उघडूसुद्धा नका, फोम विरघळतो. इपॉक्सीला ॲसिटोनचा उपयोग नाही, तिथे करवतच. जुना गोंद पूर्ण घासा, लाकूड दिसलं पाहिजे. मग वरची सगळी मापं पुन्हा.

भरणीला इपॉक्सीचा गोळा भरू नका. गुरुत्वमध्यापासून शेपटी ७०० मिलिमीटर मागे आणि नाकाचं वजन २५० मिलिमीटर पुढे असेल, तर शेपटीत वाढलेल्या १० ग्रॅमसाठी नाकात २८ ग्रॅम लागतात. फट बाल्साच्या पट्टीने भरा, इपॉक्सी फक्त धरण्यापुरतं.

एलेव्हेटरला सतत खाली ट्रिम लागत असेल तर स्टॅबची पुढची कड थोडी वर हवी. सुरुवात १ मिलिमीटर पॅकिंगने करा, हा अर्ध्या अंशाच्या आत येतो. पण त्याआधी गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत आहे ना, हे बघा. मागे जड विमान ट्रिमवर उडवायचं आणि दोष स्टॅबच्या कोनाला द्यायचा, हे फार होतं.

सरळ बसवलेली शेपटी नंतर का वळते

आपल्याकडे बेळगावच्या एकाच जिल्ह्यात कणकुंबीचा धो धो पाऊस आणि अथणीचं कोरडं रान आहे. खानापूरच्या कौलारू घरात जुलैत जोडलेला पातळ बाल्सा अथणीकडे मार्चमध्ये नेला की आकसतो. दोन्ही अंगं सारखी आकसली तर काही नाही, पण एकाच अंगाला पाण्याचा गोंद किंवा फिल्म असेल तर तो पिळतो. फिल्म दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत लावा, आणि आकसवताना इस्त्री आलटून-पालटून फिरवा. पावसाळ्यात सुटे भाग सपाट फळ्यांमध्ये दाबून, वर वजन ठेवून सुकवा. पीळ पडलाच तर उलट्या बाजूला पिळून धरा, थोडं जास्तच, आणि हीट गनने फिल्म गरम करून हात न सोडता गार होऊ द्या. धरलेला पीळ थोडा परत येतोच.

फोमच्या किंवा सनबोर्डच्या शेपटीत प्रश्न वेगळा आहे. ती वाकडी बसत नाही, वेगात लवते. स्टॅबमध्ये आडवी ३ मिलिमीटरची कार्बन रॉड चर पाडून बसवा, बाकी मापं तीच.

चाचणी

सांबऱ्याच्या विमानतळामुळे बेळगावजवळ उंचीचा प्रश्न आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन (परवानगीशिवाय उडवता येतं ती हद्द) २०० फुटांपर्यंतच असतो, म्हणजे सुमारे ६० मीटर. त्याहून जवळ तर परवानगीशिवाय नाहीच. लूपच्या चाचणीला ही उंची तोकडी आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघून निपाणी-चिक्कोडीकडचा माळ गाठा, सकाळी वारा सुटायच्या आत. सगळे ट्रिम शून्यावर, अर्ध्या थ्रॉटलवर सरळ उड्डाण, मग थ्रॉटल बंद, मग वाऱ्याच्या तोंडावर पंख सपाट ठेवून एक मोठा लूप. जमिनीवर धावताना विमान वळत असेल तर त्यात शेपटीला धरू नका, मागच्या चाकाची तार सरळ करा.

तंबाखू काढलेल्या रानात मात्र उतरू नका. स्टॅबचं टोक खुंटात अडकतं, सांधा तडकतो, आणि लोक तिथेच बांधावर बसून फेविक्विक टाकतात. म्हणून सगळं जुळल्यावर पंखाच्या बैठकीत आतल्या बाजूला पेन्सिलने पाच मापं लिहून ठेवा: पुढच्या टाचणीपासून स्टॅबची दोन टोकं, पंखापासून दोन टोकं, आणि फिनच्या टोकापासून स्टॅब. टाचण्यांच्या जागी पेनाचे ठिपकेही राहू द्या. पुढच्या वेळी पंख उघडला की माप समोरच असेल.